चित्रपट-समीक्षा: शिबिरात हटकून विचारले जाणारे प्रश्न

आमच्या चित्रमंडळात वर्षातून दोनदा रसास्वाद शिबिर होतं. दोन दिवस, चार-पाच चित्रपट, मधे चहा आणि भरपूर वादावादी. प्रश्न साधारण तेच येतात. काही प्रामाणिक, काही खवचट. वहीत टिपून ठेवलेल्या त्या प्रश्नांची ही उत्तरं. सिनेमाच्या अभ्यासकांनी त्यावर काय म्हटलंय ते जमेल तिथे सांगितलंय, आणि त्यांचं मला पटत नाही तिथे तेही सांगितलंय.

परीक्षण, रसग्रहण, समीक्षा: एकच ना सगळं?

व्यवहारात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या घरात खुशाल ये-जा करतात. तरी सोयीसाठी मी असं सांगतो: परीक्षण हे ज्याने सिनेमा पाहिलेला नाही त्याच्यासाठी असतं. शुक्रवारी चित्रपट लागतो, शनिवार-रविवारच्या पेपरात परीक्षण येतं, आणि चौघांचं तिकीट, रिक्षा, पॉपकॉर्न धरून हजारभर रुपये घालवायचे की नाही हे त्यावरून ठरतं. समीक्षा ही ज्याने सिनेमा पाहिलाय त्याच्यासाठी असते. म्हणून परीक्षणात शेवट फोडणं हा गुन्हा, तर समीक्षेत शेवट टाळणं हा पळपुटेपणा.

रसग्रहण म्हटलं की आपल्याला दहावीचा मराठीचा पेपर आठवतो, त्याला माझा इलाज नाही. पण शब्द चांगला आहे. साहित्यात ‘आस्वादक समीक्षा’ म्हणतात ती याच कुळातली: कृती मला कशी भिडली हे सांगता सांगता ती का भिडते याकडे जाणारी. ‘का’पर्यंत पोचलीच नाही तर ती नुसती दाद होते.

समीक्षक नेमकं करतो काय?

अमेरिकन तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांचं २००९ चं समीक्षेवरचं पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं की समीक्षेचा गाभा मूल्यमापनाचा आहे, पण कारणांच्या पायावर उभ्या केलेल्या मूल्यमापनाचा. वर्णन, विश्लेषण, अर्थ लावणं ही बाकीची कामं ती कारणं पुरवण्यासाठी. त्याआधी, १९८९ मध्ये, चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी समीक्षक अर्थ कसे ‘तयार’ करतात याचीच चिरफाड केली होती. चित्रपटाचा अर्थ ते चार थरांत पाहतात: कथेत काय घडलं, चित्रपट उघडपणे काय म्हणतोय, न बोलता काय सुचवतोय, आणि चौथा, चित्रपटाच्या नकळत त्यातून काय बाहेर पडतंय. हा चौथा थर म्हणजे लक्षणांवरून रोग ओळखण्यासारखं. पेशंट म्हणतो मी ठणठणीत आहे, डॉक्टर जीभ दाखवा म्हणतो.

हे शिबिरात फळ्यावर लिहिलं की लोक जांभया देतात. म्हणून मी ‘फँड्री’ या मराठी चित्रपटाचा शेवट दाखवतो.

डुकरामागे धावणारं कुटुंब, गंमत बघायला जमलेली पोरं. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे आहेत तिथे थिजतात. पुढे डुक्कर आडव्या काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले महापुरुष दिसतात, त्यांत बाबासाहेब आहेत. शेवटी टवाळखोरांवर दगड मारत सुटलेला त्या कुटुंबातला पोरगा जब्या एक दगड थेट कॅमेऱ्याकडे भिरकावतो.

एवढं झालं वर्णन. ते नीट करणं वाटतं त्यापेक्षा कठीण असतं, कारण निम्म्या लोकांना भिंत आठवत नाही. आता विश्लेषण: दगड येतो तेव्हा कॅमेरा टवाळखोरांच्या जागी उभा आहे. म्हणजे त्या क्षणी आपण त्यांच्या जागी बसलोय. अर्थ: इतका वेळ जब्यासाठी हळहळणाऱ्या प्रेक्षकाला चित्रपट सांगतो की तुझी हळहळ तुझ्याजवळ ठेव, तूही बघ्यांतलाच आहेस. आणि मूल्यमापन: हा शेवट मोठा का, तर जे भाषणात सांगितलं असतं तर आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो, ते त्याने कॅमेऱ्याच्या जागेतून सांगितलं. तुम्हाला हे पटलं नाही तरी चालेल. पण माझ्याशी भांडायला आता तुमच्या हातात काहीतरी आहे. ‘जबरदस्त, चुकवू नका’ या वाक्याशी कुणाला भांडता येत नाही.

मग स्टार द्यावेत की नाहीत?

मी देत नाही. एका स्थानिक पेपरात मी काही महिने लिहीत होतो. एकदा एका चित्रपटाविषयी ‘पहिला अर्धा भाग अप्रतिम, दुसरा पार कोसळतो’ असं सातशे शब्दांत कारणांसह लिहिलं. छापून आलं तेव्हा शीर्षकाशेजारी साडेतीन तारे चमकत होते. कुणी दिले, ठाऊक नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘सर, जागा रिकामी दिसत होती.’ त्या आठवड्यात मला भेटलेल्या प्रत्येकाने साडेतीन ताऱ्यांवरच चर्चा केली, सातशे शब्दांवर एकानेही नाही.

रॉटन टोमॅटोज ही १९९८ साली सुरू झालेली साइट तर याच्याही पुढे जाते. तिथली टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांनी अनुकूल लिहिलं एवढंच ती सांगते. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला चित्रपट तिथे शंभर टक्के मिळवू शकतो आणि निम्म्यांना थोर, निम्म्यांना असह्य वाटलेला पन्नासवर अडकतो. मला हमखास दुसरा पाहायला आवडेल.

समीक्षेमुळे चित्रपट चालतो किंवा पडतो का?

यावर अर्थशास्त्र आणि मार्केटिंगवाल्यांनी बरीच आकडेमोड केली आहे, अर्थात अमेरिकेतली. १९९७ मध्ये एलियाशबर्ग आणि शुगन यांनी दाखवलं की समीक्षांचा संबंध पहिल्या आठवड्यांच्या गल्ल्याशी जुळत नाही, नंतरच्या आणि एकूण गल्ल्याशी जुळतो. त्यांचा निष्कर्ष: समीक्षक लोकांना ओढून आणत नाहीत, लोकांना काय आवडणार याचा अंदाज तेवढा त्यांना असतो. २००३ मध्ये बासुरॉय, चॅटर्जी आणि रविद यांनी हे थोडं वाकवलं: सुरुवातीच्या आठवड्यात वाईट समीक्षेचा फटका चांगल्या समीक्षेच्या फायद्यापेक्षा मोठा असतो. आणि २००५ मध्ये राइनस्टाइन आणि स्नायडर यांनी सिस्केल-ईबर्ट या टीव्हीवरच्या जोडगोळीची परीक्षणं तपासली. काही परीक्षणं प्रदर्शनाच्या वेळी आली होती, काही उशिरा. त्या फरकावरून त्यांनी परिणाम मोजला. एकंदरीत तो क्षीण होता, पण थोड्या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांना आणि गंभीर नाट्यपटांना चांगल्या परीक्षणाचा खरा हात मिळत होता.

शेवटचं मला आपल्याकडे रोज दिसतं. ‘सैराट’ला २०१६ मध्ये कुणाच्या परीक्षणाची गरज नव्हती, गाणी गावोगावच्या लग्नांत आधीच पोचली होती. पण मल्टिप्लेक्समध्ये दुपारी पावणेतीनचा एकच शो मिळालेल्या मराठी चित्रपटाला सोमवारपर्यंत जिवंत राहायचं असेल तर कुणीतरी त्याबद्दल नीट लिहावं लागतं. बड्या चित्रपटाला समीक्षक मारू शकत नाही, छोट्याला मात्र दुर्लक्ष करून मारू शकतो.

समीक्षकांना आवडतं ते लोकांना का आवडत नाही?

हा प्रश्न दर शिबिरात येतो, बहुतेकदा एखाद्या संथ चित्रपटानंतर, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. थोडं लांबून सांगतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी १९७९ च्या त्यांच्या ग्रंथात मांडलं की अभिरुची ही नुसती खासगी आवड नसते. आपण कुठे वाढलो, काय शिकलो, कुणापेक्षा वेगळे दिसू इच्छितो हे सगळं तिच्यात असतं. ‘मला असले सिनेमे बघवत नाहीत’ म्हणताना माणूस सिनेमाइतकंच स्वतःबद्दलही सांगत असतो. पुढे शायन बाउमन यांनी २००७ मध्ये हॉलिवूडची गोष्ट या अंगाने तपासली. न्यूयॉर्क टाइम्स, न्यूयॉर्कर आणि टाइम यांतली १९२५ ते १९८५ पर्यंतची परीक्षणं घेतली आणि त्यांची भाषा पाहिली. साठच्या दशकात परीक्षणं लांबली, त्यांत दिग्दर्शकाची शैली, प्रतीकं, गर्भितार्थ असे शब्द वाढले. करमणुकीच्या धंद्याला ‘कला’ म्हणायला लागणारी भाषा समीक्षकांनी पुरवली. म्हणजे सिनेमा कला आहे हे सत्य कुठेतरी पडलेलं होतं आणि ते त्यांना सापडलं, असं झालं नाही. ते घडवावं लागलं.

आपल्याकडे हे घडवण्याची सुरुवात कलकत्त्यात झाली. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. पुढच्या वर्षी राय यांनी ‘स्टेट्समन’मध्ये भारतीय चित्रपटाचं काय चुकतंय यावर लेख लिहिला. तो अजूनही धारदार वाटतो. पण त्या धारेने एक नुकसानही झालं. गाणी, नाच, योगायोग, रडारड असलेला लोकप्रिय चित्रपट म्हणजे ‘अजून शहाणा न झालेला सिनेमा’ अशी एक उतरंड फिल्म सोसायटीवाल्यांच्या डोक्यात पक्की बसली. आमच्याही. आमच्या मंडळात कित्येक वर्षं दादा कोंडक्यांचं नाव हसण्यापुरतंच निघायचं.

याला पहिला जोरदार आक्षेप रोझी थॉमस यांच्या १९८५ च्या ‘स्क्रीन’ या ब्रिटिश नियतकालिकातल्या लेखाने घेतला. हिंदी चित्रपट पाश्चात्त्य वास्तववादाच्या मापात कमी भरतो हे पुन्हा पुन्हा मोजण्यापेक्षा, तो बनवणारे आणि बघणारे कोणत्या मापाने मोजतात ते आधी पाहा, असं त्यांचं म्हणणं. पुढे माधव प्रसाद यांनी १९९८ मध्ये हिंदी चित्रपटाच्या विचारसरणीचा ग्रंथ लिहिला, तेव्हा कौतुक आणि तिरस्कार दोन्ही बाजूला ठेवून हा चित्रपट असा का आहे हा प्रश्न विद्यापीठात प्रतिष्ठित झाला होता. जादवपूर विद्यापीठात चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग १९९३ मध्ये सुरू झाला, तोही याच लाटेतला.

आणि या सगळ्या भांडणाच्या आधीच आपल्या घरात एक चित्रपट असा होता की ज्याने ही वाटणीच मोडली होती. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’, १९३६. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. खेड्यातल्या म्हातारीने पडद्यापुढे हात जोडले आणि परदेशी परीक्षकांनीही मान डोलावली. पुढे ऐंशीच्या दशकात कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यावर लिहिलं तेव्हा भक्तीची, चमत्काराची, पडद्यावरून थेट आपल्याकडे बघणाऱ्या प्रतिमेची स्वतःची दृश्यभाषा असते असं दाखवून दिलं. चमत्कार आहेत म्हणून चित्रपट मागासलेला, हे समीकरण तिथे निकालात निघालं.

तेव्हा उत्तर असं: समीक्षक आणि लोक यांच्यात फट आहे, पण ती निसर्गनियम नाही. काही वेळा समीक्षक पुढे असतो, काही वेळा निव्वळ मागे.

दिग्दर्शकालाच सगळं श्रेय का देतात?

फ्रेंचांमुळे. आंद्रे बाझँ आणि मित्रांनी १९५१ मध्ये ‘काइए द्यु सिनेमा’ हे मासिक काढलं. १९५४ च्या जानेवारीत त्यात फ्रांस्वा त्रुफो नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने प्रस्थापित फ्रेंच सिनेमावर आग ओकणारा लेख लिहिला: हे पटकथाकारांचे चित्रपट आहेत, दिग्दर्शक त्यांत नुसती चित्रं चिकटवतो. खरा दिग्दर्शक हा चित्रपटाचा कर्ता, ‘ओतर’. १९६२ मध्ये समीक्षक अँड्रू सॅरिस यांनी अमेरिकेत याची थिअरी केली. दिग्दर्शकाचं ओळखू येणारं व्यक्तिमत्त्व हा त्यांनी मूल्याचा निकष धरला. पुढच्याच वर्षी तिथल्याच समीक्षक पॉलिन केल यांनी त्यांना सोलून काढलं. त्यांचा सवाल असा की स्कंक या प्राण्याची दुर्गंधी गुलाबाच्या वासापेक्षा सहज ओळखता येते, म्हणून ती जास्त चांगली का?

मी केलबाईंच्या बाजूचा. आणि मला तर पुन्हा ‘संत तुकाराम’च आठवतो. दिग्दर्शक दोन, दामले आणि फत्तेलाल. त्यांतले दामले ध्वनीतले जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. पटकथा शिवराम वाशीकरांची. ‘आधी बीज एकले’ लिहिलं शांताराम आठवल्यांनी, आणि ते इतकं बेमालूम की भल्याभल्यांना ते तुकोबांचंच वाटलं. विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झालेल्या गौरी यांना वगळलं तर उरतं काय? कर्ता कोण ते सांगा. मला तरी ‘प्रभात’ एवढंच म्हणता येतं, कंपनी या जुन्या अर्थाने.

समीक्षक व्हायला सिनेमा काढता यायला हवा का?

नाही. त्रुफो समीक्षेतून दिग्दर्शनात गेले आणि जिंकले. केल गेल्या नाहीत, त्यांचं काही अडलं नाही.

भारतात चित्रपटाविषयी लिहिणं कधी सुरू झालं?

जाहिरातवजा मजकूर आणि बातम्या ‘राजा हरिश्चंद्र’पासूनच, म्हणजे १९१३ पासून. पण विचार करून लिहिलेलं म्हणाल तर सुरुवात खुद्द दादासाहेब फाळक्यांनी केली आणि मराठीत केली: ‘नवयुग’ मासिकातली १९१७-१८ ची लेखमाला. येशूच्या जीवनावरचा चित्रपट बघताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील असं वाटलं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली हकिकत तिथलीच.

मग १९३५ मध्ये आले ‘फिल्मइंडिया’ आणि बाबूराव पटेल. मराठी माणूस, इंग्रजी मासिक, आणि जीभ म्हणजे दुधारी. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ या साम्राज्यवादी चित्रपटाविरुद्ध मुंबईत उसळलेल्या आंदोलनाला त्यांनी मासिकातून बळ दिलं. परदेशी कॅमेरा आपल्याला कसा दाखवतो हा प्रश्न विद्यापीठांत शिरण्याआधी कित्येक दशकं तो चार रस्त्यांवर आला होता, आणि त्यात एका चित्रपट मासिकाचा हात होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली तिरकस उत्तरं हे त्या मासिकाचं मोठं आकर्षण होतं. तेव्हा वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा हा प्रकार काही नवा नाही.

पण बाबूरावांचा आदर्श ठेवायचा तर संपूर्ण ठेवा. स्वतः संपादक, स्वतः परीक्षक, आणि १९४४ मध्ये स्वतःच ‘द्रौपदी’ दिग्दर्शित केली, पत्नी सुशीलाराणी नायिका. व्यक्तीवर उतरणं, हिशेब चुकते करणं हे सगळं त्या पानांत आहे. आज यूट्यूबवरच्या परीक्षकांना नावं ठेवणाऱ्यांनी ‘फिल्मइंडिया’चे जुने अंक चाळावेत. भाषा तेवढी जास्त चांगली होती.

मराठीत ही परंपरा कितपत आहे?

आहे, पण ती पेपरांच्या परीक्षणांत शोधू नका. ती चित्रमंडळांत, शिबिरांत आणि थोड्या पुस्तकांत आहे.

याचं एक कारण पुणे. प्रभातच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांनी संग्रहालयासाठी चित्रपटांच्या रिळांचे डबे गोळा केले आणि सतीश बहादूर यांनी ते कसे बघायचे हे शिकवलं. बहादूरसरांची पद्धत म्हणजे एकच चित्रपट घ्यायचा आणि शॉट-शॉट उलगडायचा. त्यांच्याकडे शिकलेले लोक पुढे गावोगाव शिबिरं घ्यायला लागले, आणि ‘पथेर पांचाली’ साताऱ्या-सांगलीच्या पोरांनी थिएटरात न बघता कुठल्यातरी कॉलेजच्या हॉलमध्ये, खडखडणाऱ्या सोळा एमएमच्या प्रोजेक्टरवर पाहिला. मधे रीळ बदलायला दिवे लागायचे, आणि खरी चर्चा त्या दोन मिनिटांत व्हायची.

दुसरं कारण मुंबई. १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकरांसारख्यांनी ते आयुष्यभर चालवलं, ‘वास्तव रूपवाणी’सारखं नियतकालिक त्यातूनच आलं. आणि पुस्तकांत अरुण खोपकर. त्यांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ १९८५ मध्ये आलं आणि त्याला चित्रपटावरील सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला मिळाला. ही समीक्षा मराठीतच विचार करून लिहिलेली आहे, इंग्रजी पुस्तकांचा सारांश वाटत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उलट उदाहरणं चिक्कार आहेत.

तक्रार एकच. हे सगळं बहुतांशी पुण्या-मुंबईतलं, बहुतांशी पुरुषांचं आणि बऱ्याच अंशी एका थरातलं राहिलं. कोण बघतंय यावर काय दिसतं हे ठरतं, आणि त्यावरूनच पुढचा प्रश्न.

सिनेमात राजकारण, जात, स्त्रीवाद कशाला घुसडता?

घुसडत नाही, आधीच असतं. १९७५ मध्ये लॉरा मल्वी यांनी ‘स्क्रीन’मध्येच एक लेख लिहिला, त्याचा गाभा असा: अभिजात हॉलिवूड चित्रपटात बघणारा पुरुष असतो आणि बघितली जाते ती बाई, कॅमेरा त्या नजरेचा साथीदार होतो. लेखावर नंतर खूप टीका झाली. स्त्री प्रेक्षक जाते कुठे, हा त्यातला रास्त प्रश्न. पण तो वाचल्यावर पूर्वीसारखं बघता येत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर नायक ‘हो म्हणेपर्यंत’ मुलीच्या मागे फिरतो आणि पार्श्वसंगीत गोड वाजतं, तिथे ते संगीत कुणाच्या बाजूने वाजतंय हे विचारणं म्हणजे राजकारण घुसडणं का? मघाचा तो चौथा थर हाच.

जातीचंही तसंच. ‘फँड्री’नंतर आणि जास्त करून ‘सैराट’नंतर मराठीत जे लिहिलं-बोललं गेलं त्यात पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर असे लोक होते जे म्हणत होते, ‘हे आमच्या गल्लीतलं आहे, तुम्ही याला ग्रामीण चित्रपट म्हणता ते चूक आहे.’ शिबिरात एकाने विचारलं होतं: तमाशापटात पाटील खलनायक असतो तेव्हा त्याची जात सगळ्यांना कळते, मग परीक्षणात ती कुणी का लिहीत नव्हतं? मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतःही लिहिली नव्हती.

सेन्सॉर आणि समीक्षक यांत फरक काय?

सेन्सॉर तुमच्या वतीने आधी बघतो, समीक्षक तुमच्याबरोबर नंतर. ख्वाजा अहमद अब्बास दोन्हीकडून गेले: तरुणपणी ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये चित्रपटांवर लिहायचे, पुढे स्वतःच्या माहितीपटासाठी सेन्सॉरशिपलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवलं, पण कलाकृतीकडे बघताना तारतम्य ठेवा असंही बजावलं.

वाईट लिहिलं म्हणून निर्माता खटला भरू शकतो का?

भरू कुणीही शकतं. पण कायदा समीक्षेला बरीच जागा देतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मधला सहावा अपवाद (आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे) सांगतो की लोकांच्या निवाड्यासाठी मांडलेल्या कृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेने दिलेलं मत ही बदनामी नव्हे. त्याची उदाहरणं मजेशीर आहेत. ‘अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तो दुबळा माणूस असला पाहिजे’ हे चालतं, कारण मत पुस्तकावरून निघालंय. ‘अमका दुबळा आणि लंपट आहे, त्यामुळे त्याचं पुस्तक असं आहे याचं मला आश्चर्य नाही’ हे चालत नाही. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेलं हे उदाहरण समीक्षेच्या वर्गात पहिल्या तासाला शिकवावं असं आहे.

क्लिप किंवा संवाद वापरायचे असतील तर स्वामित्व हक्क कायदा, १९५७, कलम ५२: समीक्षेसाठी केलेला रास्त वापर हा भंग होत नाही. ‘रास्त’वर मात्र वकील पोसले जातात.

यूट्यूब आणि रील्समुळे समीक्षा मेली का?

मॅटियास फ्रे यांचं २०१५ चं पुस्तक नेमकं यावर आहे. समीक्षेवर संकट आलंय ही ओरड समीक्षेइतकीच जुनी आहे, असं ते जुन्या नोंदी काढून दाखवतात. दर नव्या माध्यमाबरोबर जुने समीक्षक आपला अधिकार गेला म्हणून रडतात.

तरी एक गोष्ट नवी आहे आणि ती वेगाची. मध्यंतरापर्यंतचं मत मध्यंतरातच जगभर जातं. केरळमध्ये २०२३ साली ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’चं, म्हणजे ठरवून, कधी पैसे मागून चित्रपटावर तुटून पडण्याचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षणं टाळावीत अशी सूचना केली. मला हा उपाय मान्य नाही. खंडणी हा गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस आहेत. शुक्रवारी रात्री तोंड बंद ठेवा हे प्रेक्षकाला सांगणारे तुम्ही कोण? पैसे घेऊन ‘मास्टरपीस’ म्हणणाऱ्यांसाठी ४८ तासांची सूचना कुणी केलेली ऐकली नाही.

लिहायला सुरुवात कुठून करू?

एक प्रसंग निवडा आणि विशेषणं न वापरता तो लिहून काढा. ‘सुंदर’, ‘अंगावर येणारं’, ‘संथ’ काही नको. काय दिसलं, काय ऐकू आलं, किती वेळ. बस्स.

आम्ही हे ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाच्या शेवटाकडच्या एका शॉटवर करून घेतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी न्यायालय बंद होतंय. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, दार लागतं आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं वाटून दर वेळी दोघं-तिघं चपला शोधायला लागतात. पण संपलेला नसतो. नंतर न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात.

मागच्या शिबिरात बहुतेकांच्या कागदावर नियम मोडून ‘कंटाळवाणा’ आलंच. मागच्या रांगेत एक गृहस्थ होते, जिल्हा न्यायालयातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले. दोन दिवसांत ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी अर्ध्या पानावर टाक-बोरूच्या वळणाच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या होत्या: ‘दिवे गेले. दार लागल्याचा आवाज आला. अंधारात मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आमच्याकडे तारीख पडल्यावर पक्षकार बघतात तसं.’